वहिनीची अर्धशिशी आणि झाकलेला लाल दिवा

मी बसस्थानकाच्या पार्सल खोलीत वजनकाट्यामागे बसते, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. लोक खोकं आणून काट्यावर ठेवतात आणि न विचारता सांगतात, काही नाही हो, हलकंच आहे. काटा दाखवतो अठरा किलो. सव्वीस वर्षं हेच ऐकलं की माणसाचा शब्दांवरचा विश्वास उडतो. माझा उडाला. काट्यावर दिसेल तेवढं खरं, बाकी सगळी तोंडाची वाफ. लग्न मी केलं नाही. त्याची कारणं दोन होती आणि दोघांचीही पुढे चांगल्या ठिकाणी लग्नं झाली. मी दादा-वहिनीजवळ राहते आणि त्यांच्या घरात माझं चालतं. त्यांचं चालतं की नाही हे मी कधी विचारलेलं नाही.

वहिनी त्याच स्थानकात नोकरीला. माझ्यापासून दोन भिंती सोडून एक काचेची खोली आहे, तिथे बसून ती माइकवर गाड्या पुकारते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं" हे ती दिवसातून शंभरदा तरी म्हणते. आवाज असा की भांडणारी माणसं मधेच थांबून आपल्या गाडीकडे बघतात. नऊ फलाट, नऊ कर्णे आणि नऊही कर्ण्यांतून तीच. घरी मात्र तिचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, घरी माइक हिच्याकडे असतो.

तर अशा या वहिनीला अकरा वर्षांपासून अर्धशिशी. आधी डाव्या डोळ्याच्या कडेला म्हणे नागमोडी रेघ लुकलुकायला लागते. मग वीस मिनिटांनी डावं कानशील ठणकायला लागतं, उजेड सोसत नाही, वास सोसत नाही, उलट्या होतात. मग पडदे ओढून, रुमाल बांधून दीड दिवस आडवी. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. हे सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं. मला दिसायचं ते एवढंच की ताप नाही, सूज नाही, खरचटलेलं नाही आणि घरातल्या चादरी धुवायची वेळ आली की बाई आडव्या. मोठ्या हॉस्पिटलात डोक्याचे फोटो काढले, ते स्वच्छ निघाले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ही अर्धशिशीच, फोटोत ती दिसत नाही. झटका येतोय असं वाटलं की लगेच घ्यायची गोळी दिली, ती ऊठसूट घेऊ नका म्हणाले, झोप आणि जेवण सांभाळा म्हणाले. मी त्यातलं "फोटो स्वच्छ" एवढं उचललं. म्हटलं, चला, आता मशीनही माझ्या बाजूने बोललं.

मी कधी तोंडावर तिला खोटारडी म्हटलं नाही. तेवढी रीत मला आहे. ती पडलेली असली की मी फक्त भांडी घासायला घ्यायचे. आमच्याकडे दोन मोठी पातेली आहेत, त्यांचा आवाज चांगला येतो.

वहिनी आडवी असली की स्थानकाची दैना. चौकशी खिडकीतला कारकून खिडकीतून डोकं काढून ओरडायचा आणि त्याचं ओरडणं तीन फलाटांपर्यंतच जायचं. परीक्षेला निघालेला एक माणूस त्या गोंधळात थेट समुद्रावर पोहोचला. त्याचा तक्रारअर्ज चार पानी होता. तो वर गेला आणि वरून पत्र आलं.

पत्र घेऊन स्थानकप्रमुख स्वतः आले. हे गृहस्थ मनाने मऊ, फक्त संत्र्यांचे भारी शौकीन. पंखा नीट चालणारी खोली म्हणजे वहिनीचीच, म्हणून रोज तिथे येऊन बसायचे आणि संत्री सोलायचे. त्या दिवशी त्यांच्या हातात संत्रं नव्हतं, तेव्हाच मी ओळखलं की मामला गंभीर आहे. गेल्या वर्षी उद्घोषणेची खुर्ची एकतीस दिवस रिकामी होती. आता तिथे आवाज भरलेलं यंत्र बसवायचं ठरलं होतं आणि वहिनीला कार्यशाळेत पाठवायचं, जुन्या टायरांची नोंद करायला. रबराचा वास नाकात घेऊन दिवसभर. स्थानकप्रमुखांनी रदबदली करून नव्वद दिवस मागून घेतले होते. अट एकच. नव्वद दिवस तिच्या ड्यूटीच्या वेळात ती खुर्ची रिकामी दिसता कामा नये. एकदा जरी दिसली, तर यंत्र.

संध्याकाळी घरी वहिनी जेवली नाही. दादा तिची समजूत घालत होता की टायर काही वाईट नसतात. ती म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही हो. मला गाड्या सोडता येतात."

मला त्या वेळीही वाटलं की येत असेल तर मग रोज सोडाव्यात.

होमिओपॅथीचं खूळ काढलं चौकशी खिडकीतल्या कारकुनाने. त्याची चामखीळ गेली होती. मी म्हटलं, चामखीळ आणि डोकं यात फरक असतो. काहींच्या बाबतीत नसेल. पण बुडत्याला काडीचा आधार, वहिनी जायला निघाली आणि तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून मीही निघाले. खरं सांगायचं तर मला ऐकायचं होतं.

दवाखाना चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर, जिना इतका उभा की वर पोहोचेपर्यंत निरोगी माणूस पेशंट होतो. डॉक्टर वाळका, शांत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आधी त्याने हॉस्पिटलचे सगळे कागद वाचले आणि बजावलं की तिथल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, झटका आला तर तीच घ्यायची आणि वेगळं काही दुखलं तर आधी तिकडे जायचं. मला माणूस जरा बरा वाटला. मग त्याने प्रश्न सुरू केले आणि तो पुन्हा माझ्या मनातून उतरला. पांघरूण अंगावर लागतं की लाथाडता? कुशीवर झोपलात तर कोणत्या? वारा आवडतो का? गडगडाटाची भीती वाटते की लिफ्टची? कोणी समजूत घातली तर बरं वाटतं की चीड येते? सव्वा तास. वहिनीला उत्तर सुचायला वेळ लागतो म्हणून बहुतेक उत्तरं मीच देत होते. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

"नणंद," मी म्हटलं.

तो "हं" म्हणाला आणि खाली मान घालून लिहायला लागला. अख्खं पान लिहिलं. काट्याच्या या बाजूला बसून उलटे पत्ते वाचायची मला सवय आहे, पण त्याच्या अक्षरापुढे मी हात टेकले.

वहिनीला त्याने साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली आणि एक वही. वहीत रकाने आखायचे: दुखणं कधी सुरू झालं, त्याआधी काय खाल्लं, काय घडलं, किती वेळ टिकलं, आराम कशाने पडला. आणि नियम. रात्री ठरल्या वेळी झोपायचं, सकाळी ठरल्या वेळी उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. दर तीन-चार तासांनी पोटात काहीतरी. पाणी भरपूर. चहा दिवसातून एकच, कॉफी बंद. सकाळी अर्धा तास चालणं. डोळ्यांवर थेट उजेड नको. दर बुधवारी तो फोन करून विचारपूस करणार. हे झाल्यावर त्याने आणखी एक छोटी बाटली काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"मला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. राग आला की चार घ्या."

त्या हिशेबाने बाटली पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपली असती. मी ती पार्सल खोलीच्या खणात सुतळी आणि कात्रीशेजारी टाकून दिली.

दुसऱ्या दिवसापासून घराला शिस्त लागली. दादा पाण्याचे मीटर वाचायच्या कामावर आहे, तेव्हा पाण्याची बाजू त्याने घेतली. वहिनीच्या बाटलीवर त्याने खुणा केल्या आणि रोज संध्याकाळी बाटली डोळ्यांसमोर धरून वाचन घ्यायला लागला. कमी भरलं तर चेहरा असा करायचा, जसं काही कोणी मीटरच फिरवलंय. पहाटेचं चालणं माझ्या वाट्याला आलं, कारण वहिनीला अंधारात एकटीला भीती वाटते आणि दादाला झोप. मी चालायचे आणि कुरकुरायचे. वहिनी चालायची आणि ऐकून घ्यायची. पंधरा दिवसांत माझा गुडघा दुखायचा थांबला. ते मी कोणाला सांगितलं नाही.

पहिल्या महिन्यात दोन झटके आले. एक साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री, दुसराही सुट्टीच्या आदल्याच दिवशी, ड्यूटी संपल्यावर दहा मिनिटांनी. मी दादाला म्हटलं, बघ, अर्धशिशीला घड्याळ कळतं. दादाने उठून पाण्याची बाटली भरली.

मग वहिनीने काचेच्या खोलीचा बंदोबस्त केला. खिडकीला जाड पडदा लावला, डोक्यावरचा दिवा बदलून मंद बसवला. राहिला तो माइकच्या बुडाशी असलेला लाल दिवा. माइक चालू असला की तो पेटतो आणि मंद खोलीत तो नेमका डोळ्यात टोचायचा. ती माझ्याकडे चिकटपट्टी मागायला आली. माझ्याकडे दोन प्रकारच्या पट्ट्या असतात, एक साधी आणि एक "नाजूक माल, सांभाळून" असं छापलेली. मी मुद्दाम दुसरी दिली. तिने ती घेतली, हातभर तुकडा कापला आणि लाल दिव्यावर दोनदा गुंडाळून टाकली. दिवा गेला. माइक चालू की बंद, हे आता फक्त माइकलाच ठाऊक.

पुढच्याच बुधवारी अकरा चाळीसची गाडी सुटली. त्यानंतर बारा पाचपर्यंत आमच्याकडे एकही गाडी नसते. डॉक्टरचा फोन याच वेळात यायचा. मी एका माणसाचं आरशाचं पार्सल काट्यावर ठेवून घेत होते आणि नऊ कर्ण्यांतून वहिनीचा आवाज आला. प्रवाशांनी लक्ष द्यावं वगैरे काही नाही. एकदम, "हो डॉक्टर, डावीच बाजू."

अख्खं स्थानक वर बघायला लागलं. प्रश्न ऐकू येत नव्हते, फक्त उत्तरं. तिला घाम मानेलाच येतो. पांघरुणाबाहेर तिचा एक पाय लागतो, दोन नाही. स्वप्नात गाडी सुटते. नाही हो, ती गाडीत नसते. तीच सोडत असते आणि कोणी ऐकत नसतं.

मी उठून तिकडे जायला हवं होतं. दोन भिंती, पंचवीस पावलं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "राग? मला कोणाचा राग येत नाही," आणि थोडं थांबून, "बरं, स्थानकप्रमुखांचा येतो. ते माझ्या खोलीत संत्री सोलतात. सालीचा वास डोक्यात घुसतो आणि बिया ते माझ्या पेनाच्या डबीत टाकतात." समोर तिसऱ्या फलाटावर स्थानकप्रमुख उभे होते. त्यांच्या हातात अर्धं संत्रं होतं. ते त्यांनी खिशात घातलं. हे बघून मी पुन्हा खाली बसले. असा तमाशा रोज होत नाही.

पुढे तिच्या बोलण्यात सत्तेचाळीस नंबरचा ड्रायव्हर आला, जो हॉर्नवर कोपर टेकवून गप्पा मारतो. चौकशीतला कारकून आला, ज्याच्या केसांच्या तेलाने दोन खिडक्या दरवळतात. चहावाला आला, जो नको म्हटलं तरी दुसरा चहा ठेवून जातो. दादा आला: माणूस देवासारखा, पण डोकं दुखायला लागलं की दर पाच मिनिटांनी येऊन विचारतो, अजून दुखतंय का. रांगेतल्या बायका हसत होत्या. मीही हसत होते. आरशाचा माणूसही पावती विसरून हसत होता.

मग ती म्हणाली, "नाही, रडू येत नाही. एकदाच आलं." कधी, असं त्याने विचारलं असावं. "वन्संना वाटतं, मी नाटक करते. नाही, त्या वाईट नाहीत डॉक्टर. घरातलं सगळं त्याच बघतात. मी पडलेली असले की पातेली जरा जोरात घासतात, एवढंच. दुखतं ते मी सोसते हो. पण खोटं दुखतंय असं कोणाला तरी वाटतं, ते नाही सोसवत."

स्थानकात कोणी हसलं नाही. आरशाच्या माणसाने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "वन्सं म्हणजे तुम्हीच का?" त्याच्या आरशावर कागद गुंडाळलेला होता हे माझं नशीब.

मग मी पळाले. पंचवीस पावलं. वहिनी फोन ठेवून डबा उघडत होती. मी आत गेले, पेनाची डबी उचलल्यासारखं केलं आणि माइकची कळ खाली दाबली. डबीत खरंच सहा बिया होत्या. वहिनीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पेन हवं होतं. स्वतःच्या तोंडून निघालेलं इतकं सपशेल खोटं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तिला कोणीच सांगितलं नाही. साडेतीनशे माणसांनी ऐकलं आणि एकाने तोंड उघडलं नाही. आमच्या स्थानकात दुसऱ्याच्या हरवलेल्या छत्रीची बातमीसुद्धा तासाभरात नऊ फलाट फिरते, पण ही फिरली नाही. दुसऱ्या दिवशी स्थानकप्रमुख वहिनीच्या खोलीत आले ते रिकाम्या हाताने आणि जाताना डबी धुऊन ठेवून गेले. सत्तेचाळीस नंबरचा ड्रायव्हर कोपर खिडकीबाहेर काढून गप्पा मारायला लागला. कारकुनाने तेल सोडलं. त्याचे केस उभे राहिले, पण त्याने ते सोसलं. चहावाला अकरा वाजता चहाऐवजी लिंबूपाणी घेऊन यायला लागला आणि विचारलं तर म्हणायचा, चहा संपला. भट्टीवर पातेलं उकळत असायचं.

वहिनी खूश. रात्री जेवताना सांगायची की या गोळ्या फार गुणाच्या आहेत. दादा विचारायचा, डोकं कसं आहे? ती म्हणायची, डोकं तर बरं आहेच, पण हॉर्नसुद्धा कमी झाला. गोळ्या ही खायची आणि गुण ड्रायव्हरला यायचा. बुधवारी तिने हे डॉक्टरला सांगितलं, तर त्यानेही म्हणे लिहून घेतलं. झटके मात्र खरंच कमी झाले होते. गोळ्यांमुळे, की वेळेवर जेवल्यामुळे, की संत्री गेल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. माझ्याकडे त्याचा काटा नाही.

मी पातेली भिजत घालायला लागले. तास-दोन तास भिजली की फडक्याने पुसलं तरी निघतात, आवाज होत नाही. दोन दिवस हे बघून वहिनीने मला विचारलं, वन्सं, बरं नाही का तुम्हाला? मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. खरं तर मला एक वाक्य बोलायचं होतं. पहाटे चालताना रोज ते जिभेवर यायचं आणि रोज मी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलायचे. अकरा वर्षं मी त्या बाईला खोटं धरलं होतं. ते मागे कसं घ्यायचं, हे पार्सल खोलीत कोणी शिकवत नाही.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी वरच्या ऑफिसातले मोठे साहेब यंत्र घेऊन येणार होते. अकरा वाजता. ते चालवून बघायचं होतं आणि खुर्ची भरलेली आहे का तेही बघायचं होतं. अकराला दहा कमी असताना वहिनी माझ्या काउंटरसमोर उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"वन्सं, रेघ दिसायला लागली."

इतक्या वर्षांत तिने दुखणं सुरू होताना मला कधी सांगितलं नव्हतं. दादाला सांगायची, नाही तर गुपचूप पडदे ओढायची. आज ती माझ्याकडे आली, कारण दुसरं कोणी नव्हतं किंवा कदाचित पातेल्यांमुळे, मला माहीत नाही. मी घड्याळ बघितलं. वहीच्या हिशेबाने वीस मिनिटं हातात होती. हॉस्पिटलची गोळी आत्ता घेऊन अंधारात पडली, तर तासाभरात निभावण्याची शक्यता होती. खुर्चीत बसली, तर दीड दिवस.

"खुर्ची," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी शटर अर्धं खाली ओढलं, पोत्यांवर तिला आडवं केलं, तिच्या पिशवीतली गोळी तिला दिली, रुमाल भिजवून कपाळावर ठेवला. मग खण उघडला आणि डॉक्टरची ती छोटी बाटली अख्खी तोंडात रिकामी केली. राग आलेला नव्हता, पण जवळ दुसरं काही नव्हतं. नुसती साखर होती, पण घसा ओला झाला.

मी काचेच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसते न बसते तोच समोरून स्थानकप्रमुख, मोठे साहेब आणि खोकं उचललेली दोन माणसं येताना दिसली. अकराची गाडी फलाटावर लागली होती. मी कळ वर केली. लाल दिव्यावर माझीच पट्टी: नाजूक माल, सांभाळून.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," मी म्हटलं आणि नऊ कर्ण्यांतून माझाच घोगरा आवाज माझ्या अंगावर आला. "फलाट चारवर उभी असलेली सत्तेचाळीस किलोची गाडी सुटत आहे."

फलाटांवर हसू पसरलं. साहेब थांबले. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. आता गप्प बसावं, असं कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. पण कळ वर होती आणि ते वाक्य इतके दिवस जिभेवर होतं.

"हा आवाज नेहमीचा नाही, ते तुम्हाला कळलंच आहे. नेहमीच्या बाईंचं डोकं दुखतंय. मी त्यांची नणंद. अकरा वर्षं मी समजत होते की त्या नाटक करतात. मागच्या महिन्यातल्या बुधवारी तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. ते नाटक नाही. त्यांचं खरं दुखतं आणि माझं चुकलं. तासभर कोणी हॉर्न वाजवू नये. गाड्या मी सोडते, जमतील तशा."

सत्तेचाळीस नंबर निघाली. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. कंडक्टर खाली उतरून पुढे चालत गेला आणि हाताने माणसं बाजूला केली. मागच्या गाड्यांनीही तसंच केलं. माझा आवाज सातव्या फलाटापलीकडे फाटत होता, तर तिथले कंडक्टर रांगेरांगेत जाऊन सांगत होते. इतकं शांत स्थानक मी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

साहेबांनी दार उघडलं आणि विचारलं, या कोण? स्थानकप्रमुखांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, आता हे पाय मागे घेणार. पण ते म्हणाले, "साहेब, अट खुर्ची रिकामी नसण्याची होती. खुर्ची रिकामी नाही." साहेबांनी खुर्चीकडे बघितलं. मी अंगाने भरलेली आहे. ती खुर्ची इतकी भरलेली त्या खोलीने कधी पाहिली नसेल.

मग त्यांनी यंत्र जोडलं. गोड आवाजात यंत्राने अकरा वीसची गाडी बरोबर अकरा वीसला सुटत असल्याचं सांगितलं. गाडी अजून आलीच नव्हती. चाळीस माणसं सामान उचलून धावली आणि रिकाम्या फलाटावर उभी राहिली. मी कळ वर करून त्यांना परत बसायला सांगितलं. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं.

बारा वाजता वहिनी दारात आली. काळा चष्मा, ओला रुमाल हातात, पण पायांवर उभी. मी उठले. बारा पाचची गाडी तिने पुकारली, नेहमीपेक्षा जरा हळू. स्थानकात कोणीतरी टाळी वाजवली आणि शेजारच्याने त्याला गप्प केलं.

ड्यूटी संपल्यावर ती पार्सल खोलीत आली आणि पोत्यावर बसली. म्हणाली, बुधवारी सगळ्यांनी ऐकलं म्हणजे काय ऐकलं? मी सगळं सांगितलं, पट्टीपासून. तिने तोंडावर हात ठेवला.

"संत्र्याचंसुद्धा?"

"संत्र्याचंसुद्धा."

"आणि शेवटचं?"

मी मान डोलावली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. सत्तेचाळीस किलोची गाडी, असं म्हणत होती आणि डोळे पुसत होती. मी मात्र रडले. माझं कोणी बघितलं नाही, शटर खाली होतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. यंत्र संध्याकाळी, वहिनीची ड्यूटी संपल्यावर चालवायचं. दिवसा वहिनी. आणि रोज एक वाजता, तिच्या जेवणासाठी, पार्सल कारकुनाने अर्धा तास खुर्ची सांभाळायची. त्यासाठी मला काही जास्त मिळणार नाही, हे पत्रात वेगळ्या ओळीत लिहिलेलं होतं.

त्यानंतर एकदा बारा पाचची गाडी सोडून, एकच्या गाडीपर्यंतच्या मोकळ्या वेळात आम्ही डॉक्टरकडे गेलो, तोच उभा जिना चढून. त्याने वही उघडली आणि बोट फिरवत खाली आला. "आराम कशाने" या रकान्यात आधीच्या झटक्यांपुढे अंधार, झोप, ओला रुमाल, हॉस्पिटलची गोळी असं लिहिलेलं होतं. चौऱ्याऐंशीव्या दिवशी त्याचं बोट थांबलं. त्याने विचारलं, दीड दिवसाचं दुखणं एका तासात कसं आटोपलं, माझ्या गोळ्या घेतल्या होत्या का? वहिनी ओशाळून म्हणाली, त्या दिवशी तुमच्या राहिल्या, हॉस्पिटलची एक घेतली, बाकी लिहिलंय तेच.

मी उलटं वाचलं. वहिनीचं अक्षर स्वच्छ आहे. लिहिलं होतं, "वन्संना पटलं."

डॉक्टरने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा त्या ओळीकडे. मग पेन उघडून त्याने विचारलं, तुमची ती छोटी बाटली अजून आहे का? मी म्हटलं, संपली, एकदमच घेतली. राग गेला का, त्याने विचारलं. मी म्हटलं, राग जागच्या जागी आहे, पण आता वहिनीवर नाही. त्याने तेही लिहून घेतलं. मी घड्याळाकडे बघितलं आणि वहिनीला उठवलं, कारण एक वाजत आला होता आणि खुर्ची रिकामी होती.